टर्न म्हणजे फिरवणं

गेल्या दिवाळीनंतर मला एक फोन आला. मुरूडच्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या ज्या गावात मी तरुणपणी अकरा वर्षं मास्तर होतो, तिथल्या सरपंचबाई बोलत होत्या. गाडीच्या थांब्यावर नवी शेड बांधली आहे, तिच्यावर संगमरवरी पाटी लावायची आहे आणि पाटीचा मजकूर जुन्या मास्तरांनी द्यावा असं ठरलं आहे, असं त्या म्हणाल्या.

"दोनच ओळी हव्यात, गुरुजी. ही जागा कुणी दान दिली तेवढंच. तुम्ही होतात ना तेव्हा?"

मी होतो. त्या जागेचा कागद माझ्याच अक्षरातला आहे. पण "दान" हा शब्द कानाला खटकला. लिहून पाठवतो म्हणालो आणि फोन ठेवला. वय नव्वदीला टेकलं आहे. रात्री झोप येत नाही ती म्हातारपणामुळे, असं मुलगा डॉक्टरांना सांगतो. मी त्याला खोडून काढत नाही. आता मात्र जे झालं ते झालं तसं लिहून ठेवावं म्हणतो.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. मी मॅट्रिक होऊन स्कूल बोर्डाच्या नोकरीत लागलो आणि या गावी आलो. साठ-सत्तर घरं, सगळी भात पिकवणाऱ्यांची. बऱ्याच घरांतले बाप्ये मुंबईला गिरणीत, बाया आणि म्हातारी माणसं शेतावर. मुख्य रस्ता तिथून तीन मैल. अलिबागला जायचं तर पहाटे निघायचं, तीन मैल चालायचं आणि रस्त्यावर उभं राहून मोटारीची वाट पाहायची. आजारी माणसाला डोलीतून न्यायचे. मी आलो त्याच्या आदल्या वर्षी पाटलांची सून डोलीतच गेली होती, पोटातल्या बाळासकट. पाटील म्हणजे गावचे पोलीस पाटील. त्यांनी त्यानंतर एकच ध्यास घेतला, सरकारी गाडी गावात आणायची. श्रमदानाने रस्ता केला. दोन उन्हाळे गावाने माती वाहिली, मीही वाहिली. मग डेपोला अर्ज धाडला. तोही मीच लिहिला होता.

उत्तर इंग्रजीत आलं, टाइप केलेलं, शाळेच्या पत्त्यावर. मारुतीच्या देवळात सगळे जमले. मी पत्र वाचलं. रस्ता ठीक आहे, असं त्यात होतं. उन्हाळी गाडी देता येईल, मात्र गावाने गाडीसाठी "पर्मनंट टर्निंग" करून द्यावं.

"म्हंजी काय करून द्यावं?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

मला इंग्रजी येतं असं गावाला वाटत होतं, आणि गावाला तसं वाटतं म्हणून मलाही वाटायला लागलं होतं. "टर्न" ठाऊक होता, "टर्निंग" करून द्यायचं म्हणजे काय ते कळेना. मी म्हटलं, "बघून सांगतो."

"बघायचं काय त्यात?" दुसरा म्हणाला. "सायबाचा शबुद हाय. कोंबडं तरी नायतर बकरं तरी."

सगळे हसले. मी शाळेत जाऊन शब्दकोश काढला. पाठीचा पुठ्ठा गेलेला जाडा कोश होता तो. "टर्न" या शब्दापुढे पाऊण पान भरलेलं. फिरणे, फिरविणे, वळण, पाळी, पालटणे, परतणे, तऱ्हा, खेप. एका शब्दाला इतके अर्थ असतात याचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं. कंदिलाच्या उजेडात ते सगळं मी वहीत उतरवून घेतलं. ती वही कुठे गेली माहीत नाही.

चार दिवसांनी डेपोचे एक साहेब जीपने आले आणि त्यांनी उलगडा केला. गाडी तीन मैल मागे मागे नेता येत नाही, ती गावात आली की फिरून उभी राहायला सपाट, टणक, मोकळी जागा पाहिजे. साहेब पायांनी मोजत रस्त्याच्या टोकाला गेले आणि एका जागी टाच आपटून म्हणाले, "ही. दुसरीकडे उतार आहे."

ती जागा एका विधवेचं खळं होती.

खळं म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. भात कापून झालं की त्याचे भारे जिथे आणून झोडायचे ती जमीन. ती वर्षानुवर्षं चोपून, शेणाने सारवून दगडासारखी झालेली असते. त्या विधवेचा नवरा मुंबईला गोदीत होता, तिथेच अपघातात गेला. घरात ती आणि एक मुलगी. शेत लहानसं, पण खळं सासऱ्याच्या वेळेचं, गावातलं सगळ्यांत चांगलं. गाव तिला काकी म्हणत असे, म्हणून मीही म्हणत असे. वयाने ती माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी असेल. मुलगी माझ्याच शाळेत चौथीला होती, हुशार. व्याकरणात तर तिच्याइतकं चटपटीत कोणीच नव्हतं. मी मुलांना शिकवत असे की कर्म ओळखायचं असेल तर क्रियापदाला "काय" असं विचारा. मी फळ्यावर वाक्य लिहून खडू खाली ठेवेपर्यंत तिचा हात वर असायचा.

पाटील माझ्याकडे आले. "मास्तर, तुमी चला. माझ्यानं तिच्याशी बोलवनार न्हाय. आमचं तिच्या सासऱ्यापासनं बांधावरनं वाकडं हाय. तुमचा शबुद ती खाली पडू द्यायची न्हाय."

हे खरं होतं. गावात माझा शब्द चालत असे. आणखी एक खरं होतं, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. माझी बायको अलिबागला तिच्या माहेरी होती, दिवस गेलेले होते. दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी तीन मैल चालत मुख्य रस्त्यावर जायचो, सोमवारी पहाटे तेच तीन मैल परत. गाडी आली तर माझं शनिवारचं चालणं वाचणार होतं. पाटलांच्या मनात सून होती. माझ्या मनात माझे पाय होते.

कागद मी घरूनच लिहून नेला. काकी अंगणात भात पाखडत बसली होती. आम्हाला पाहून तिने सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि मुलीला आत पाणी आणायला धाडलं. मी सगळं सांगितलं. गाडी, डेपो, साहेबांची टाच. ती ऐकत होती.

"मास्तर, ते टर्न टर्न म्हनत व्हते परवा देवळात. टर्न म्हंजी काय?"

"टर्न म्हणजे फिरवणं, काकी."

तिचा चेहरा मोकळा झाला. इथे मला आमच्या गावची बोली सांगितली पाहिजे. तिथे उसनी आणलेली वस्तू परत करण्याला फिरवणं म्हणत. शेजारणीची पायली फिरवली का, विळा अजून फिरवला नाही, असं बोलत. सुरुवातीला मलाही तो शब्द वेगळा वाटत असे, मग सवय झाली होती.

"म्हंजी उसनवारी," ती म्हणाली. "वापरायचं नि फिरवायचं."

मी कागदाची घडी उघडली. पाटील खाकरले.

"तसं आसंल तर माजी ना न्हाय. गावाचं काम हाय. ह्येंच्या सुनंचं मी बगितलंय. पन मास्तर, सुगीच्या आंदी फिरवनार ना? खळं नीट करायला आठ दीस लागत्यात मला येकटीला."

मी तिच्याकडे पाहिलं नाही, कागदाकडे पाहिलं. म्हणालो, "फिरवणार, काकी."

त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. गाडी तिथे फिरवणारच होते. वर्गात एखाद्या मुलाने एवढंच वाक्य लिहून आणलं असतं तर मी त्याला विचारलं असतं, "काय फिरवणार? कर्म कुठे आहे?" पण तिने विचारलं नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता, त्यामुळे तिला विचारायचं कारण नव्हतं.

मग मी कागद वाचून दाखवला. कागदावर लिहिलं होतं, "ही माझी जागा गाडी फिरवण्याकरिता कायमची, राजीखुशीने देत आहे." मी वाचलं, "ही माझी जागा गाडी फिरवण्याकरिता राजीखुशीने देत आहे." मधला एक शब्द मी गाळला. अडखळलो नाही. सवयीचा वाचणारा होतो, वाक्य सलग वाटलं. तिने अंगठा दिला. शाई पुसायला मी माझा रुमाल दिला, तर म्हणाली, "र्‍हाऊ द्या, मास्तर, तुमचा पांढरा हाय," आणि अंगठा मातीत पुसला.

गाडी माघात आली. नारळ फुटले, हार घातले. गाडीला ओवाळलं ते काकीने, कारण जागा तिची. कुंकू लावायला तिचा हात पुढे झाला आणि तिथेच थांबला, विधवा ना ती. तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "लावा काकी, गाडीला काय कळतंय." घाटावरचा माणूस होता, मनाने मोकळा. तिने कुंकू लावलं. गाडीने खळ्यावर एक वळसा घेतला, मुलं मागे धावली आणि कंडक्टरने दारात लोंबकळून ओरडून सांगितलं, "टर्न झाला!" त्या दिवसापासून तो शब्द गावाचा झाला. त्या जागेला सगळे टर्नच म्हणायला लागले. टर्नवर भेटू, टर्नवर बस, टर्नपाशी कुत्रं मेलंय.

चार महिने मी शनिवारी गाडीने गेलो. पाय दुखले नाहीत. मृगाला गाडी बंद झाली, कारण मातीचा रस्ता. पावसाळाभर खळ्यावर गवत माजलं. मी ते रोज शाळेत जाताना पाहत होतो. तिला सांगायला मला चार महिने होते. मी सांगितलं नाही. आज सांगू, नागपंचमी होऊ दे, गणपती जाऊ देत, असं करत राहिलो.

दसरा झाल्यावर तिने एकटीने खळं करायला घेतलं. गवत काढलं, चाकांच्या चाकोऱ्या मातीने बुजवल्या, पाणी शिंपडून चोपण्याने चोपलं, शेणाने सारवलं. मधोमध मळणीचा खांब रोवला. मुलगी शाळा सुटली की तिला मदत करत असे. ते मला शाळेच्या खिडकीतून दिसायचं. चोपण्याचा आवाज वर्गात यायचा आणि मी मुलांना मोठ्याने पाढे म्हणायला सांगायचो.

दिवाळी झाली आणि शनिवारी दुपारी गाडी पुन्हा सुरू झाली. मी पिशवी घेऊन टर्नवर उभाच होतो. गाडी आली आणि सारवणाच्या कडेला थांबली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मग तो खाली उतरला.

"अरे, हा खांब कुणी रोवला माझ्या टर्नवर?"

काकी घरातून आली. हात शेणाने भरलेले होते. "तुजा टर्न कसला, बाबा? तू वापरलास चार म्हयने, मी काय बोल्लं का? आता माजा टर्न. माजं खळं फिरव मला."

"फिरवायलाच तर आलोय, काकी! खांब काढा म्हणजे फिरवतो."

"गाडी न्हाय रे. जागा. जागा फिरव."

ड्रायव्हर हसला. "जागा कधी फिरते होय, काकी? टर्न म्हणजे गाडीचा टर्न!"

गाडीतले लोक खिडक्यांतून हसले. गावातली माणसं जमली होती, तीही हसली. कुणीतरी ओरडलं, "काकीनं इंग्रजी शिकवली डायवराला!" मग हसणं ओसरलं. तिला समजत चाललं होतं, हे सगळ्यांना दिसलं. तिने माणसांत मला शोधून काढलं.

"मास्तर, तुमीच सांगितलंत ना? फिरवनार म्हून?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या वेळी खरं बोललो असतो तर काय झालं असतं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कदाचित गाडी गेली असती. कदाचित दुसरी जागा निघाली असती, कारण उतार खणून सपाट करता येत होता आणि गावाने दोन उन्हाळे माती वाहिलेलीच होती. महिनाभराचं काम. पण ते तेव्हा कुणाला सुचलं नाही, कारण मी बोललो ते असं, "सरकारी शब्द आहे, काकी. त्याचे पुष्कळ अर्थ होतात."

"तुमास्नी ठाव व्हता का, कंचा ते?"

ड्रायव्हरला उशीर होत होता. मलाही होत होता, शनिवार होता. मी पिशवी खाली ठेवली, सारवणावरून चालत गेलो आणि एका माणसाच्या मदतीने तो खांब उपटला. खोल रोवला होता, दोनतीनदा हलवावा लागला. मग गाडीने तिथे टर्न घेतला आणि मी गाडीत बसलो. मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा ओल्या सारवणावर चाकांचे दोन गोल उमटलेले होते आणि ती खांबाच्या खड्ड्याजवळ उभी होती. माझ्या पावलांचेही ठसे असतील, ते एवढ्या लांबून दिसले नाहीत.

पुढे तिला भात दुसऱ्यांच्या खळ्यावर न्यावं लागलं. ज्याचं खळं त्याचं आधी, मग त्याच्या भावांचं, मग उरलं तर काकीचं. बाया तिला म्हणायच्या, "काकी, तुजा टर्न मंगळवारी." कोशात पाळी हा अर्थही होता, तो असा उपयोगाला आला. बायांच्या मनात वाईट काही नव्हतं. शब्द नवा होता, जिभेवर खेळत होता.

तिसऱ्या वर्षी तिचा टर्न लांबला. भारे रचून ठेवलेली उडवी शेतातच होती आणि कार्तिकात दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. ज्यांची झोडणी झाली होती त्यांचं भात घरात होतं. तिच्या भाऱ्यांत दाण्यांना कोंब आले. मी पाहायला गेलो तेव्हा ती उडवी मोडून भारे पसरत होती. वरून हिरवट दिसत होतं, जशी रोपं लावलीत. त्या साली मुलीची शाळा सुटली. मुलगी दुसऱ्यांच्या झोडणीला जाऊ लागली, मोबदल्यात भात मिळे. सातवीला पहिली आली असती अशी मुलगी.

मी काय केलं, तर अलिबागच्या बाजारातून एक हातरी आणली. हातरी म्हणजे भात वाळवायची बांबूची मोठी चटई. गाडीच्या टपावर टाकून आणली, त्याच गाडीच्या. तिच्या दारात नेऊन ठेवली आणि म्हटलं, "काकी, ही अंगणात अंथरून थोडं थोडं झोडता येईल."

"ठेवा तितं," ती म्हणाली. पुढची काही वर्षं तिने ती वापरली. अंगण अरुंद, उताराचं, दाणे घरंगळत खाली जायचे आणि ती एकेक वेचायची. पण कुणाच्या पाळीची वाट पाहावी लागत नसे.

गाडीत ती कधी बसली नाही. बाजाराला जायचं तरी डोक्यावर टोपली घेऊन तीन मैल चालायची. सुरुवातीला ड्रायव्हर तिच्याजवळ गाडी थांबवायचा, कंडक्टर म्हणायचा, "या काकी, तिकीट नको." ती टोपलीवरचा हात न काढता दुसऱ्या हाताने पुढे जा अशी खूण करायची. मग त्यांनी थांबणं सोडलं. किती शनिवारी मी त्या गाडीच्या खिडकीशी बसलो होतो आणि ती धुरळ्यात बाजूला उभी होती, मोजलेले नाहीत. मी बहुतेक वेळा डोंगराच्या बाजूच्या बाकावर बसू लागलो. ती शेताच्या बाजूने चालायची.

पाटलांनी एकदाच विषय काढला. देवळाच्या पायरीवर बसलो होतो. "मास्तर," ते म्हणाले, "गाडी आल्यापासनं चार बाया वेळंवर दवाखान्यात गेल्या. चारी जगल्या. मी त्येवडं धरून बसतो." मग म्हणाले, "तुमी काय धरून बसता?" त्यांच्या चार बाया खऱ्या होत्या. त्यांना मी आजही वजा करत नाही. पण त्या माझ्या बाजूने मांडता येत नाहीत. त्या जगाव्यात म्हणून मी तो शब्द गाळला नव्हता.

सदुसष्ट साली माझी बदली झाली. निघायच्या दिवशी टर्नवर बरीच माणसं आली. मुलांनी फुलं दिली, पाटलांनी नारळ दिला. ट्रंक टपावर चढवली. तेवढ्यात माणसं बाजूला झाली आणि काकी आली. डोक्यावर गुंडाळलेली हातरी. स्वच्छ धुऊन वाळवलेली, एके ठिकाणी काडी तुटली होती तिथे नवी काडी विणून घातलेली. तिने ती माझ्या पायांशी उभी केली.

"मास्तर, ही घ्या तुमची. टर्न."

कुणी हसलं नाही. मला आठवतं त्याप्रमाणे मी म्हणालो, "काकी, ती तुम्हालाच दिली होती. कायमची."

"न्हाय," ती म्हणाली. "वापरली. आता फिरवली."

आणि ती गेली. कंडक्टरने हातरी टपावर टाकली. अलिबागला आल्यावर ती आमच्या माळ्यावर पडून होती. बायको विचारायची, काय करायची ही? वाळवी लागून तिचा चुरा झाला तोवर माझ्याने तिचं काही करवलं नाही.

काकी पुढे मुलीकडे थळला गेली आणि तिथेच वारली. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. शेत तिने कुणाला दिलं ते कळलं नाही, घर पडलं. खळ्याला पुढे डांबर घातलं.

त्या फोननंतर मी आठ दिवस घेतले आणि दोन ओळी लिहायला बसलो. "ही जागा काकींचं खळं होती. फिरवून देण्याच्या बोलीवर गावाने ती घेतली. फिरवली नाही. बोली करणारा आणि कागद लिहिणारा मी." खाली माझं नाव. काकीचंही पूर्ण नाव लिहिलं होतं, इथे लिहीत नाही. ओळी चार झाल्या.

सरपंचबाईंचा फोन आला. चांगली बाई आहे, आवाजात अवघडलेपण होतं. "गुरुजी, उद्घाटनाला पाहुणे यायचेत. असं कसं लावायचं? दान म्हटलं तर त्यांचाही मानच होतो ना? आणि खरं सांगू का, इतक्या वर्षांनी कोण विचारतंय?"

मी म्हटलं, "मग माझ्याकडून मजकूर नको. पण दान लिहू नका."

"बघते," त्या म्हणाल्या. पाटी लागली का, काय लागली, मी चौकशी केलेली नाही.

मग मला वाटलं की ज्याला वाचून दाखवायचं ते माणूस वेगळंच आहे. मुलाला गाडी काढायला सांगितली. थळ अलिबागपासून लांब नाही. कारखान्याच्या भिंतीवरून पुढे जाऊन विचारत विचारत घर सापडलं. काकीची मुलगी ओट्यावर बसून वाल सोलत होती. केस पांढरे, चष्मा जाड. मी कोण ते सांगितल्यावर तिने वाकून पाहिलं आणि "बसा, मास्तर" म्हणाली. आत सुनेला चहा टाकायला सांगितलं. पाया पडायला उठत होती, मी अडवलं.

मी खिशातून दोन कागद काढले. एक नव्या ओळींचा. दुसरा त्या जुन्या कागदाचा, आठवणीतून लिहून काढलेला. त्यातला शब्दन् शब्द मला पाठ आहे. म्हटलं, "तुला वाचून दाखवायचे आहेत. तू चौथीत होतीस, पाणी आणायला आत गेली होतीस, तेव्हा वाचला होता त्यातला हा एक. तेव्हा नीट वाचला नव्हता."

ती वाल सोलायची थांबली नाही. मी वाचलं. "ही माझी जागा गाडी फिरवण्याकरिता कायमची, राजीखुशीने देत आहे." त्या शब्दावर बोट ठेवून ते वाक्य मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग नव्या ओळी वाचल्या. मग सांगितलं की मी गाळलं होतं, मला ठाऊक होतं, खांबही मीच उपटला.

"खांबाचं मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मी बगत व्हते."

चहा आला. मुलगा गाडीपाशी उभा होता, त्यालाही तिने हाक मारून दिला. मला जे म्हणायचं होतं ते शेवटी मी म्हटलं, फार हळू म्हटलं असावं, कारण तिने कान पुढे केला.

"मला ते फिरवायचं आहे," मी पुन्हा म्हटलं.

तिने हातातली शेंग परातीत टाकली आणि चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. चौथीतल्या मुलीने फळ्यावरचं वाक्य वाचून विचारावं तसं तिने विचारलं, "काय फिरवनार, मास्तर?"